शून्य किंवा अनेक

काउतोकेइनोच्या कचेरीत बिरेत फळ्यावर
तीन चौकोन काढते: मालक. खूण. रेनडिअर.
रेघेच्या टोकाला तीन फाटे,
कावळ्याच्या पायासारखे. एकाचे अनेक.

म्हातारी राव्दना चष्मा पुसून बघते.
"बर्फात असा पाय दिसला की समजावं,
जवळपास काहीतरी मेलंय."

बिरेत हसत नाही. विचारते,
एका जनावराला मालक एकच ना?
"कानावर खूण कापली असेल तर एकच."
आणि मे महिन्यातलं पिल्लू, कान अजून कोरा?
"ते जिच्या मागे चालतं तिला विचार."

ओल्या फडक्यानं एक रेघ पुसली जाते.
रेनडिअरच्या चौकोनातून नवी निघते,
वळसा घेते
आणि त्याच चौकोनात परत शिरते.
बिरेत तिच्यावर लिहिते: आई.

"नावाला किल्ली करू नकोस हं,
चार राव्दना आहोत आम्ही,
त्यातली एक माझीच सून."
मग प्रत्येकीला एक आकडा,
बिनचेहऱ्याचा, लग्नानंतरही न बदलणारा.

कॉफी निवून गेल्यावर म्हातारी म्हणते,
"माझ्या बहिणीची खूण. डाव्या कानाला दोन खाचा,
उजव्याचं टोक छाटलेलं.
एकोणीस वर्षं त्या खुणेचं जनावर नाही कळपात.
काढून टाकशील?"

बिरेत खडू उचलते.
कावळ्याच्या पायाच्या जरा अलीकडे
एक बारीक वर्तुळ काढते.

"हे काय?"
"एकही नसलं तरी चालतं, असं.
ओळ राहते."

म्हातारी डोळे बारीक करते.
"मोठं काढ जरा. इथून दिसत नाही."