मणी हलता कामा नये

रात्री नऊपासून दिवाणावर सगळं मांडून ठेवलंय:
कॅमेरा, त्याचं ॲल्युमिनियमचं चिलखत,
दोन फ्लॅश, त्यांचे खेकड्यासारखे हात,
आणि काचेचा घुमट.
त्याच्यावर एक ओरखडा आला
की तो अंदमानातल्या प्रत्येक माशावर येणार.

हातातल्या बॅगेला सात किलो.
विमानाच्या पोटातल्या बॅगेला पंधरा.
माझं सगळं मिळून एकोणतीस,
आणि हे सातपूर. समुद्र इथून चार तासांवर.
इथे विचारू कुणाला?

सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या.
बावीस हंगाम पिंपळगावच्या पॅकहाउसात,
लाइन नंबर तीन, गयाबाई.
त्यांच्या हातची द्राक्षं रॉटरडॅमला उतरली,
त्या स्वतः वणीच्या गडापलीकडे गेल्या नाहीत.
"सरक," म्हणाल्या.

पहिल्यांदा माझा महागडा फोम बाहेर काढला.
"इतक्या मऊत वस्तू नाचते."
घुमटाला त्यांच्या मुलाची लहानपणची कानटोपी,
फ्लॅशच्या मध्ये मोजे, मोज्यांत झाकणं,
पाण्यातला सूट घडी न घालता, गुंडाळून, कडेकडेनं.
मग पेटी दोन्ही हातांनी उचलली,
कानाशी धरून हलवली.
कुठेतरी टिक झालं.
पुन्हा सगळं बाहेर.
"मार बाहेरून बसत नाही गं,
आतल्या मोकळ्या जागेत बसतो.
मणी हलता कामा नये."

माझा पहिला फोटो गंगापूर धरणातला:
हिरवट काळोख, आणि मधोमध
कुणाची तरी एक चप्पल.
यासाठी एवढा खर्च? असं त्या तेव्हा म्हणाल्या नव्हत्या.
फ्रिजवर लावू दिला होता.
आमचं त्यानंतरचं एवढं लांब बोलणं
बहुतेक हेच.

बॅटऱ्या पोटात चालत नाहीत, मी सांगितलं,
पेट घेतात. जवळ ठेवायच्या, टोकांना चिकटपट्टी लावून.
का, ते त्यांनी विचारलं नाही.
त्यांच्याकडेही गंधकाचा कागद होता,
घडाच्या वर ठेवायचा, घडाला लागू द्यायचा नाही.

मग ती काळी रबरी रिंग.
बांगडीहून बारीक. अख्खा समुद्र हिच्यावर अडतो.
एक केस, वाळूचा एक कण, आणि कॅमेरा गेला.
ही मी काढून वेगळी ठेवते, म्हटलं, झाकण नुसतं टेकवून.
वर हवा विरळ होते,
घट्ट लावलेला डबा खाली आल्यावर उघडता उघडत नाही.
सासूबाईंचा हात थांबला.
"म्हणजे पाण्यात घट्ट आणि आभाळात सैल?"
"हो."
"डब्याला कसं कळायचं?"
"नाही कळत. म्हणून तर रिंग काढायची."
त्या हसल्या की नुसता श्वास सोडला,
मला सांगता येणार नाही.

हातानं तोलून म्हणाल्या, पावणेआठ.
रद्दीवाल्याचा काटा म्हणाला, सात किलो सातशे चाळीस.
मग जाकिटाच्या खिशांत दोन लेन्स,
मे महिन्यात, चाळीस डिग्रीत.

शेवटी कोपऱ्यात चार बोटं जागा उरली.
"इथे काय?"
"राहू दे. येताना सगळं ओलं असेल. ओलं फुगतं."
आणि पेपरचे बोळे करून तिथे कोंबले,
"हे तिथे टाकून दे."

ओझरला सकाळी पट्ट्यावरून पेटी बाजूला काढली.
वर्दीतल्या पोरानं खेकड्याचे हात उचलून पाहिले,
कानटोपी उलटी केली,
घुमटात स्वतःला वाकडंतिकडं पाहिलं.
मग एक बोळा उघडला, सपाट केला,
आणि मागे रांग वाढत असताना
लासलगावचा कालचा कांदा
वरपासून खालपर्यंत वाचला.
"पडलाच," म्हणाला.
पुन्हा बोळा केला,
त्याच कोपऱ्यात नीट दाबून बसवला,
पेटी उचलली
आणि देण्याआधी एकदा
हलवून पाहिली.