नऊ ळ

सदतीस मतांनी पडले घनाबाब लवंदे.
त्या रात्री म्हापशात गुलाल दुसऱ्यांचा होता.
सकाळी त्यांनी जीपवरचा कर्णा उतरवला,
जीप विकली,
आणि हळदोण्याच्या एका पाद्रीकडून
पायाने चालवायचं छपाईयंत्र घेतलं.
त्यावर तोवर फक्त प्रार्थना छापल्या होत्या.
वहिनी म्हणाल्या, "आजवर लोक शिव्या फुकट देत होते,
आता दहा पैसे मोजून देतील."

खिळे पुण्याहून आले.
पेटीत ळ निघाले मोजून नऊ.
नारळ, केळी, ओहळ, देवळं असलेल्या मुलखात
नऊ ळ कुठे पुरणार?
पहिल्याच अंकाचा मथळा लागला:
पालिकेचे नल कोरडे.
अख्खा बाजार हसला.
चौथ्या दिवशी पाणी आलं.
"बघ गे कुंदा," मला म्हणाले,
"विधानसभेत पाच वर्षं याच नळावर बोललो,
सगळे ळ नीट उच्चारून."

मी एकोणीस वर्षांची. मुद्रितं तपासायची.
त्यांचे हात अजून सवयीने जोडले जायचे,
दारात पदेर आला तरी,
आणि नमस्कार करता करता कपाळाला शाई लागायची.
लोक यायचे ते आमदाराकडेच यायचे.
ते म्हणायचे, लिहून द्या.
ज्याला लिहिता येत नसे त्याचं स्वतः लिहायचे,
वाचून दाखवायचे, विचारायचे,
"हेच ना तुझं म्हणणं? माझं काही मिसळलं नाही ना?"

शुक्रवारच्या बाजारात मिरच्या विकणाऱ्या बायकांना
दिवसभर कुठे जायला जागा नव्हती.
घनाबाबनी पहिल्या पानावर, मोठ्या टायपात, 'मुतारी' छापलं.
अकरा वर्गणीदार गेले.
मुतारी झाली.
भाषेच्या आंदोलनात एका गटाने पुढची काच फोडली,
दुसऱ्याने मागची.
ते म्हणाले, आता वारा बरा खेळतो.

हे सगळं शोकसभेत सांगून झालंय.
जे कुणी सांगितलं नाही ते असं:
त्यांच्या मेहुण्याने खाजनात मातीचे ट्रक ओतले,
मानस बुजवली,
आणि बांधाखालच्या एकवीस घरांत खारं पाणी शिरलं.
बस्त्यांवने मजकूर जुळवला, मी तपासला.
एकही चूक नव्हती.
घनाबाबनी तांबड्या पेन्सिलीने आडवी रेघ ओढली
आणि माझ्याकडे न बघता चहा मागवला.
त्या जागेवर दुसऱ्या दिवशी
लोणच्याची जाहिरात.

मी ती पट्टी खणात ठेवली.
का ठेवली, मला ठाऊक नाही. त्यांना ठाऊक होतं.
तीन वर्षांनी एका संध्याकाळी, टेबल आवरताना,
"आहे का गे ती अजून?"
जशीच्या तशी छापली. खाली एक ओळ:
ही बातमी तीन वर्षे उशिरा देत आहोत. उशीर संपादकाचा.
वहिनींनी महिनाभर ताट वाढलं,
शब्द वाढला नाही.
माती मात्र हलली नाही.
आता तिच्यावर बंगले आहेत,
एकात मेहुण्याचा नातू राहतो, बरा मुलगा आहे.

परवा घनाबाब गेले, आझिलात, पहाटे.
संगणकावरच्या पोराने मृत्युलेख तयार करून आणला.
माजी आमदार, संस्थापक, अमुक समितीचे अध्यक्ष,
आणि ळ हवे तितके, कुणाकडे मागायला नकोत.
मी चष्मा पुसून वाचायला घेतलं.
'म्हापशाच्या नळांसाठी ते झटले' असं एक वाक्य होतं.
चाळीस वर्षांत मी जाणूनबुजून चूक सोडली नव्हती.
ती ओळ हाताने बदलली:
'म्हापशाच्या नलांसाठी'.

दुसऱ्या दिवशी नऊ फोन आले.
आठजणांनी चूक दाखवली, दोघे चिडलेही होते.
नववा कुणी म्हातारा होता बहुतेक,
बराच वेळ नुसता हसला,
मग खोकला,
आणि ठेवून दिला.