तीस

महाप्याच्या एमआयडीसीत, रबरी चपलांच्या कारखान्याच्या वर
आमची दोन खोल्यांची प्रयोगशाळा.
पाटीवर लिहिलंय : अंशांकन केंद्र.
नवा कुरिअरवाला विचारतो,
मॅडम, इथे पत्रिका बघतात का?

हवालदार तांडेल दर सहा महिन्यांनी
दुधाच्या क्रेटमधून सात यंत्रं आणतात,
पोरांना डोस पाजायला आणावं तशी.
मी सिलिंडरची चावी फिरवते,
मोजून भरलेला, कुणाचाच नसलेला एक श्वास
एकेकाच्या तोंडात सोडते.
तीसला तीसच दिसायला हवेत.
सत्तावीस दाखवणारं यंत्र दयाळू,
तेहतीसवालं खाष्ट.
दोघांचेही कान पिळते,
शिक्का मारते, तारीख घालते.

पेपरात कुणीतरी लिहिलं होतं, तीसचे वीस करा.
तांडेलांनी त्याच पेपरावर वडापाव ठेवला.
"बाय, आकडा खाली आनला तं मानूस खाली येल का?
पाम बीचला एक पोरगा फुंकला. एकोणतीस.
'पास झालो' म्हनून त्यानं मित्राला टाळी दिली.
सोडला. सोडावाच लागतो.
मना सकालपर्यंत झोप नाय.
पन काय झालं नाय.

त्याच आठवड्यात टेम्पोवाला. शून्य. निव्वल भोपला.
दोन पाळ्या ओढून निघालेला,
सानपाड्याला दुभाजकावर चढला.
झोपेला कुठली नली लावू?

आनि एकशे सेहेचाळीस होता, तो वेगलाच.
त्याला फोन आला.
मंग आमच्या नल्या संपल्या."

मी हसले. म्हटलं, आधी नळ्या द्या, मग आकडे बदला.
वाक्य छान होतं. महिनाभर वापरलं.

मग करावे गावात प्रणिताची हळद.
बेंजो, मटण, तांदळाच्या भाकऱ्या,
आणि रश्श्याच्या तिखटावर उतारा म्हणून
मी एक बिअर घेतली. एकच.
पर्समध्ये चार नंबरचं यंत्र होतं,
दुरुस्तीहून आणलेलं, उद्या जमा करायचं.
पाण्याच्या टाकीमागे उभी राहून फुंकले.
अठरा.
कायद्यापुढे मी धुतलेला तांदूळ.

स्कूटर काढली.
वळणावरचा रोजचा गतिरोधक
थोडा आधी आला.
की मी थोडी उशिरा पोचले?
पुढे एक मुलगा हट्टी कुत्र्याला ओढत
रस्ता ओलांडत होता.
ओलांडून गेला.
काही झालं नाही.

ते जे थोडं होतं,
पापणीएवढं, दोन बोटांएवढं,
ते मी पडद्यावर शोधत राहिले.
तिथे फक्त एक आणि आठ.
स्कूटर मेडिकलच्या दुकानापुढे लावली,
चपला हातात घेऊन पिवळ्या साडीत
रेल्वेपुलापलीकडे घरी चालत आले.
आईने विचारलं, पंक्चर?
हो म्हटलं.

सोमवारी चार नंबरला सिलिंडर लावला.
तीसला तीस. चोख.
बिघडलेलं निघालं असतं
तर बरं वाटलं असतं मला.

"मंग? वीस करून उपेग हाय?" तांडेलांनी विचारलं.
अठरा तेव्हाही सुटेलच, मी म्हटलं.
पण एकोणतीसवाल्याला टाळी देता येणार नाही.
आणि प्यायच्या आधी एखादा जास्तीचा माणूस
किल्ली दुसऱ्याच्या हातात देईल, कदाचित.
तुम्ही रस्त्यावर उभे असाल तर.
"आनि नसलो तं?"

याचं उत्तर माझ्या तक्त्यात नाही.
सात यंत्रं क्रेटमध्ये रचली,
शेजारी नळ्यांचं एक पाकीट ठेवलं,
बिलात न लावलेलं.
तांडेलांनी उघडून बोटाने चाळलं. शंभर.
पुरतील?

"शनवारपर्यंत."