उघाडी

महाप्याला, सातव्या मजल्यावर, एका मंगळवारी ठरलं
की मोबाइलचं हे सगळं अवाढव्य प्रकरण
दिवाळीनंतर लोकांसाठी खुलं करायचं.
नव्वद लाख ओळी.
कुणीतरी फळ्यावर तारीख लिहिली
आणि तिच्याभोवती इतक्यांदा गोल काढला
की तारीखच वाचता येईना.

कामं वाटली गेली.
वकील फरझाना काझींकडे : कुठली ओळ कुणाची.
सातबारा काढावा तशी त्यांनी एकेक फाइल काढली :
ही आपली, ही उसनी,
ही विकत घेतलेली, पण पुढे देता न येणारी,
ही कुणाची ते कुणालाच ठाऊक नाही
आणि कॅमेरा नेमका हिच्यावरच चालतो.

माझ्या वाट्याला शिव्या आल्या.
कोडमध्ये राहून गेलेल्या.
इंग्रजी आणि हिंदी यंत्रानं हुडकल्या,
मराठी त्याला कळेनात.
"तू कोपरखैरण्याची, तू बघ," सुब्बू म्हणाला.

तीन आठवडे मी माणसांचा राग वाचला.
बॅटरीला पटकी येवो, असं कुणी.
ज्यानं हे लिहिलं त्याचं तळपट होवो, असं कुणी,
आणि दोनच ओळींखाली त्याच हाताचं :
मीच लिहिलंय.

मग ती एक फाइल.
फोनला जोडाक्षरं शिकवणारी.
र कधी डोक्यावर चढतो, कधी पायाशी बसतो,
त्याची एकशे बारा ओळींत घातलेली समजूत.
वर टीप :
हात लावू नका. का चालतंय माहीत नाही. चालतंय.
आणि खाली नुसतं, वि. सा.
विनीता सांगळे, कँटीनवाल्याला आठवलं,
चहात साखर नको म्हणायची आणि मग मागायची.
आठ वर्षं झाली जाऊन. कुठे, ते त्यालाही माहीत नव्हतं.

त्याच आठवड्यात वरून निरोप :
इतिहास द्यायचा नाही.
कुणी कधी काय बदललं, काही नाही.
सगळं एकाच नोंदीत, एकाच नावावर, कंपनीच्या.
जणू नव्वद लाख ओळी
एका सोमवारी नाश्त्याआधी लिहून झाल्या.

राहिला एक प्रश्न :
नुसतं द्यायचं, की लोकांकडून घ्यायचंही?
दोन तास झाले. एसीचं पाणी बादलीत पडत होतं.
घणसोलीचा हरेश्वर मढवी, जो बैठकीत बोलत नाही, बोलला :
"माझा बापूस उघाडी राखायचा, सिडकोच्या आधी.
ओहोटीला आतलं पाणी फळी ढकलून बाहेर जातं,
भरतीला तीच फळी मिटते. खारं आत येत नाही.
भातासाठी बरोबर आहे ते.
पण आपण तशी करणार असू
तर हिला खुली म्हणू नका."
कुणी काही बोललं नाही.
उघाडी टिपणात कशी लिहायची, सुब्बूनं विचारलं.

शनिवारी त्यानं मला नेऊन दाखवली.
गावामागे, खाडीच्या कडेला, टॉवरांच्या सावलीत.
फळी कधीच कुजून गेलेली,
पाणी मनाला येईल तसं आत-बाहेर करत होतं.
बांधाच्या आत तिवरं वाढलेली, गुडघाभर चिखल,
चिखलावर निवट्या टुणटुण उड्या मारत.
"भात गेलं," तो म्हणाला.
मग बराच वेळानं, चपला हातात घेत :
"निवट्या मात्र पूर्वी एवढ्या नव्हत्या."
हे बरं की वाईट, त्यानं सांगितलं नाही.
मीही विचारलं नाही.

सोमवारी मी माझी यादी पुरी केली.
पटकी काढली. तळपट काढलं,
मीच लिहिलंय हेही काढावं लागलं, त्याचं वाईट वाटलं.
एकशे बारा ओळींवरच्या टिपेपुढे लिहिलं :
तपासलं. शिवी नाही. राहू द्या.
दोन अक्षरं तेवढी विसरल्यासारखी केली.

फळ्यावर तोवर
नवी तारीख होती, आणि तिच्याभोवती अजून
एकच गोल.