दोन किलो तीनशे चाळीस

दुर्वेशचा नवा कीबोर्ड: एक वीत, चार बोटं.
माझा जुना: दोन विती, तीन बोटं.
मोजपट्टी आहे घरात, पण शिवणाच्या डब्यात,
डबा दिवाणात,
आणि दिवाणावर दुर्वेश, आडवा.

वजन मात्र नीट केलं.
कोपरखैरण्याहून रिक्षाने तुर्भ्याला नेले दोन्ही,
मसाला मार्केटात, शेजारच्या गाळ्यातल्या काट्यावर.
जुना दोन किलो तीनशे चाळीस.
नवा सातशे दहा, तोही पोटातल्या पितळी पट्टीमुळे.
तोलणारा पोरगा म्हणाला, बाई,
यात कडता किती धरू?

आमचा गाळा बंद झाला तेव्हा शेठ म्हणाले,
ज्याला जे हवं ते न्या.
मोकलकाकांनी फिरती खुर्ची नेली.
मी हा नेला, वायरीसकट, पदराखाली झाकून,
जसं काही चोरलंय.
चौदा वर्षं याच्यावर
धने, जिरं, हळकुंड, खसखस.
नावं थोडी, आकडे फार:
पोती, किलो, भाव, अडत, हमाली, तोलाई.
उजवा हात आकड्यांवरून उठायचा
तो फक्त चहाला.

दुर्वेश स्विचचे नमुने मांडतो,
लाल, तपकिरी, निळा.
लाल सरळ खाली जातो, आत्या.
तपकिरी मधे जरा ठेचाळतो.
निळा बोलतो.
मी एकेक दाबून बघते,
मिरची देठाशी मोडून बघावी तशी.
लाल म्हणजे ब्याडगी: रंग देते, झोंबत नाही.
निळा लवंगी: एवढीशी, आणि तोंड केवढं.
तपकिरीला मी भाव सांगितला नाही.
मिसळीचा माल वाटला.

जुन्याच्या प्रत्येक कळीखाली स्प्रिंग आहे.
ती दाबली जाते, दाबली जाते,
आणि एका क्षणी कंबरेत वाकते, खट्.
तेवढ्यात बोटाला कळतं की पोचलं.
पडद्याकडे बघावं लागत नाही.
नव्यावर सगळं पोचतं, पण
कधी पोचलं ते सांगत नाही कुणी.

खोटं का बोलू,
संध्याकाळी मनगट जुन्यावरच दुखायचं.
नव्यावर दुखत नाही.
आणि आवाज गोड आहे त्याचा,
पाटावर सोंगटी ठेवल्यासारखा.
दुर्वेश रात्री दोनपर्यंत काम करतो,
मला झोपेत फक्त सोंगट्या ऐकू येतात.
त्याने हौसेने एक रात्र जुना लावून पाहिला,
कसलासा अडॅप्टर मागवून.
सकाळी खालच्या भोईरबाई वर आल्या:
गिरण टाकलीत का हो?

रविवारी कळा काढल्या, पेपरवर पालथा केला.
दोन टाचण्या, अर्धा धना,
मोहऱ्या सात,
आणि हळद. इतकी वर्षं झाली तरी हळद.
मी शिंकले. दुर्वेश शिंकला.
पाचावरचा उंचवटा झिजून
गुळगुळीत झालाय,
माझ्याच बोटाने.

मग तो म्हणाला, आता नव्यावर लिहून बघ काहीतरी.
लिहिलं. नाव लिहिलं, पत्ता लिहिला,
सेक्टर लिहिताना उजवा हात आपोआप सरकला
आणि टेबलावर उतरला.
तिथे काहीच नव्हतं. सनमायका.
आकडे वरच्या रांगेत आहेत आत्या, तो म्हणाला,
जागा वाचते.
मला दिसत होते वरचे आकडे,
एका ओळीत, पाहुण्यांसारखे उभे.
पण हात सनमायकावरच राहिला
आणि मी बघत होते तो काय लिहितो:
सात, दोन, पाच, शून्य,
मग करंगळी. एन्टर.

कसला आकडा गं?
दुर्वेशने विचारलं.

थांब, म्हटलं,
हमाली धरायची राहिली.