आठ बाय बेचाळीस

मिरकरवाड्यात, बर्फाच्या कारखान्यामागे
कासम होडेकरांचं दुकान.
होकायंत्रं, मुके झालेले वायरलेस,
आणि काचेच्या कपाटात सात दुर्बिणी;
त्यांच्या मधे एक बल्ब, रात्रंदिवस पेटता.
"खारी हवा. बल्ब इझला की भिंगात बुरशी."

मी म्हटलं, डोंगरासाठी हवी.
"डोंगरात काय बघणार?"
गवे. सांबर असलंच तर.
त्यांनी चष्म्यावरून बघितलं,
काडतुसं मागणाऱ्याकडे बघावं तसं.
मारायचे नाहीत, म्हटलं. मोजायचेत.
वैशाखी पौर्णिमेला, मचाणावरून.
"हां."

पहिली दिली सात बाय पन्नास,
कुठल्याशा बोटीवरून उतरलेली.
हातात घेतली ती मानेला आधी कळली.
"डेकवर उभं राहून बघायची चीज ही.
घाट चढताना दुसऱ्या वळणावर
देवाच्या नावानं सोडून येशील."

दुसरी खिशात मावणारी.
भर उन्हात नौकेवरचा नंबर वाचला.
मग त्यांनी शटर अर्धं ओढलं,
कोपऱ्यातल्या जाळ्यांच्या ढिगाकडे बोट केलं.
"आता बघ."
काळं. नुसतं काळं.
"जनावर पाण्यावर येतं कधी?
दुपारी बारा वाजता, तुझ्यासाठी?"

तिसरी दहा बाय बेचाळीस.
हिच्यावर जीवच बसला.
दीपगृहाचा कठडा, कठड्यावर घार, घारीची वळती मान.
"असं कर. धक्क्यापर्यंत पळ,
परत ये, मग लाव डोळ्याला."
पळालो. चाळिशीला टेकलेला माणूस,
सुकट निवडणाऱ्या बायका हसल्या.
परत येऊन लावली तर
बसल्या जागची घार
माझ्या छातीच्या ठोक्यागणिक उडत होती.

आजोबा हाकारी होते.
कायदा यायच्या आधी, कुंडीच्या घाटाखाली,
खोतांच्या शिकारीला डबे बडवत रान उठवायचं.
हाकाऱ्याला वाटा एक, मानेकडचा.
खोतांकडे जर्मन दुर्बीण, कातडी म्यानात.
एकदा खोत झुडपामागे गेले
आणि ती आजोबांच्या हातात राहिली.
समोरच्या धारेवर सांबर.
ते तेवढंच सांगायचे, दरवेळी तेवढंच:
नाकाला ओल होती रे.
कानावर गोमाशी बसली, कान हलवला.
पापणीचे केस मोजले असते मी.

त्या दिवशी हाक्याच्या रांगेत
एका माणसाएवढी फट पडली.
सांबर तिथूनच गेलं.
खोतांनी आयमाय काढली, वाटा कापला.
आजीनंही सोडलं नाही म्हणे,
मसाला वाटून बसली होती.

हे मी कासमचाचांना सांगितलं नाही.
त्यांनीच चौथी काढली, न विचारता.
आठ बाय बेचाळीस. रबर अंगठ्यापाशी झिजलेलं,
पट्टा जाळ्याच्या दोऱ्यानं शिवलेला.
"एका चीफ ऑफिसरची.
जहाजं सोडून पाखरं बघायचा.
काढून टाकला असणार."

शटर अजून अर्धंच होतं.
ढिगाकडे धरली.
गाठ दिसली. गाठीतला खवला दिसला.
आणि त्यामागे एक मांजर,
जे मघापासून तिथेच होतं,
त्यानं एक डोळा उघडला,
मला बघितलं, मिटला.

साडेसहा हजार. पाचशे उधार ठेवले.
साखरप्याच्या एसटीत ती मांडीवर,
डब्यासारखी, फडक्यात बांधून.

आता घरच्या कपाटात एक बल्ब पेटता असतो.
बायको म्हणते, वीजबिल कोण भरणार,
तुझे गवे?
पौर्णिमेला अजून अकरा दिवस आहेत.
मी रोज संध्याकाळी गोठ्यामागे जाऊन
काळोख व्हायला लागला की
समोरच्या धारेला लावून बघतो.
अजून तरी नुसती कातळाची कड,
आणि तिच्यावर
हलणारं गवत.