अंगठ्याची दोरी

बर्फाच्या कारखान्यावरच्या खोलीत
मी झोप मोजत बसते.
मीटरच्या दोन सुया बोर्डाला टेकवलेल्या,
खाली कॉम्प्रेसर सुरू झाला की
सर्जेकोटचे सगळे दिवे एकदा डोळा मारतात.

डबा एवढासा, साबणाच्या वडीइतका.
जाळ्याच्या शेवटच्या बोयाला बांधायचा
आणि त्याने सांगायचं : वाहून चाललोय,
कोणीतरी ओढतंय, ट्रॉलर आला.
बाकीचा वेळ गप्प.
पण गप्प बसणं त्याला येतच नव्हतं.
चार दिवसांत बॅटरी खाऊन
पाचव्या दिवशी नुसता तरंगायचा,
करवंटीसारखा.
आणि मला तर तो हवा होता
नारळी पुनवेला टाकला की वैशाखापर्यंत जिवंत.

पहिला चोर तो लाल दिवा.
"मी चालू आहे" एवढंच सांगायचं काम,
आणि सगळ्यांत जास्त खाणारा तोच.
(बंदरावरही आहेत असे, नावं घेत नाही.)
चिमट्याने उपटला.

दुसरा चोर दिसेना.
दिवसा मीटर शहाणा, आणि रात्री आकडा चढायचा
गपचूप, भरतीचं पाणी पायरी चढतं तसा.
तीन रात्री जागले. चौथ्या रात्री भिंगाखाली
चिपच्या दोन पायांमधे दिसली
खाऱ्या वाऱ्याने धरलेली साय.
जन्मभर ज्याचं खाल्लं, तेच मीठ!
आंगणेवाडीच्या जत्रेतली नेलपॉलिशची बाटली
लावायला सवडच झाली नव्हती,
तिचे दोन हात चिपला दिले.
एवढी नटलेली चिप
अख्ख्या किनारपट्टीवर नसेल.

आता झोपला. पण असा, की उठेचना.
दर पाच मिनिटांनी घड्याळाने उठवावा
तर उठण्यानेच दमायचा,
न उठवावा तर जाळं गोव्याला पोचलं तरी
हा आपला घोरतोय.

दाजी जेवून वर आले. डबा तळहातावर तोलला.
"ह्यो काय करता?"
"निजता."
"मग जागो कसो होतलो?"
"ताच तर जमणा नाय."
हसले नाहीत. खुर्ची ओढून बसले,
उजवा पाय माझ्या टेबलावर ठेवला, सोल्डरच्या शेजारी.
अंगठ्याच्या मुळाशी पांढरा वळ,
अंगठी काढल्यावर राहतो तसा.
"गरी टाकली की दोरी हंय बांधूची नि निजाचा.
मासो ओढीत तेवा उठाचा.
उगाच कित्याक?"

त्या रात्री सगळी घड्याळं बंद केली.
सायकलच्या बेअरिंगमधली एक गोळी, नळीत एक तार,
चिपचा फक्त एक पाय जागा.
जाळं ओढलं की गोळी तारेला लागते,
तार त्या पायाला हिसका देते,
मग बाकीचे सगळे उठतात, बोलतात,
पुन्हा आडवे होतात.
मीटरवर आकडा इतका खाली गेला
की मीटरच गेला समजून
मी मालवणहून दुसरा आणला.
त्यावरही तेवढाच.
नकाशात त्या पायाला नंबर असतो.
मी लिहिलं : अंगठा.

आता पेटंटचा अर्ज टेबलावर आहे.
एका रकान्यात विचारलंय,
हे पूर्वी कोणास ठाऊक होते काय,
असल्यास तपशील द्यावा.
मी लिहिलं : लवू कुबल, सर्जेकोट, उजवा पाय.
वकीलबाई फोनवर म्हणाल्या, अहो, खोडा ते,
हे लिहिलंत तर तुमचं नवं काय उरलं?
मी म्हटलं, गोळी. तार.
नेलपॉलिश, असं म्हणणार होते,
पण थांबले.

दाजी हल्ली समुद्रावर जात नाहीत.
झोपतात मात्र अजून तसेच,
चादरीबाहेर एक पाय,
दाराच्या दिशेने.

रकाना खोडलेला नाही.
पेन्सिलीने लिहिलाय.